वेगळे ताट

मानसिंगाच्या पोटात पहिली कळ उठली ती म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्यात, स्वतःच रचलेल्या हस्तपत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते तपासत असताना. हस्तपत्रकात तीन वाक्ये होती. पाणी उकळून प्यावे. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. रोग्याचे ताट, तांब्या व अंथरूण वेगळे ठेवावे. कवितेत बुडालेल्या बी. ए.ने तीन वाक्यांत आटोपावे याचे वरिष्ठांना कौतुक वाटले होते. मानसिंगाला स्वतःला तिसरे वाक्य आवडत असे. ताट, तांब्या व अंथरूण. त्या शब्दांना एक उतरण होती, तळ्याच्या पायऱ्यांवरून संध्याकाळ पाण्याकडे उतरत जावी तशी. दुसरी कळ नेमकी त्याच उतरणीने आली, आणि मुद्रिते उघडी टाकून त्याला कचेरीच्या मागच्या अंगाला धावत जावे लागले.

सुटी होईपर्यंत तो सहा वेळा धावला. एकदा वांती झाली. चौथ्या आणि पाचव्या खेपेच्या मधल्या शांततेत त्याने विचार केला, की ही पटकी नव्हे. पटकीची लक्षणे त्याने अहवालांतून इतक्यांदा नकलून काढली होती, की ती त्याला पाठ होती. हे काहीतरी धाकटे होते. पटकीचे दूरचे, गरीब नातलग म्हणावे असे. पण नातलग एकदा घरात शिरले की एकाच माणसाची भेट घेऊन परत जात नाहीत, हेही त्याला ठाऊक होते.

आणि घरात ताट वाट पाहत होते.

गिरणीच्या पलीकडल्या चाळीत दोन खोल्यांत पाच माणसे राहत. थोरला भाऊ जोतीराम गिरणीच्या विणकाम खात्यात कामाला होता. त्याची बायको सोजरबाई, त्यांची चार वर्षांची मुलगी कस्तुरा, स्वतः मानसिंग, आणि सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको मुक्ताबाई. दोघे भाऊ एकाच ताटात जेवत. ताट काशाचे होते, आईच्या माहेरून आलेले, आणि त्याचा काठ एका जागी दुमडला होता. प्लेगच्या सालात त्यांच्या वडिलांना गावाबाहेरच्या झोपड्यांत नेले. आठ दिवसांनी आणून सोडू, असे नेणाऱ्यांनी सांगितले होते. त्या संध्याकाळी आईने दोन ताटे मांडण्याऐवजी एक मांडले आणि दोघा मुलांना समोरासमोर बसवले. जोतीराम तेव्हा चौदा वर्षांचा होता, मानसिंग चारचा. आठ दिवस झाले, आठ महिने झाले, वडील आले नाहीत, पुढे आईही गेली. ताट मात्र एकच राहिले. जोतीरामाने गिरणीत बावीस वर्षे धागे जोडले, त्यांतल्या चौदांच्या जोरावर मानसिंग बी. ए. झाला, आणि तरीही रोज तिन्हीसांजेला भाकरीचा मऊ पदर जोतीराम स्वतःच्या बोटांनी वेगळा करी आणि दुमडलेल्या काठाच्या बाजूला सरकवी. ती मानसिंगाची बाजू होती.

अलीकडे बापाच्या मांडीवर बसून कस्तुराही त्याच ताटातले चार घास खाई. तिच्या आधीची तीन मुले राहिली नव्हती.

आपण आजारी आहोत हे मानसिंगाने सरळ सांगून टाकले असते तर गोष्ट तिथेच संपली असती, असे कोणासही वाटेल. पण जोतीरामाला ओळखणाऱ्याला तसे वाटले नसते. मानसिंगाला बाराव्या वर्षी विषमज्वर झाला, तेव्हा डॉक्टरांनी जवळ झोपू नका म्हटल्यावर जोतीराम त्याच्याच पांघरुणात एकवीस रात्री झोपला होता. आजार कळला की दादा दूर होणार नव्हते, आणखी जवळ येणार होते, आणि येताना कस्तुराला मांडीवर घेऊन येणार होते. मग रोग ताटातून दादांच्या हाताला लागणार होता आणि त्या हातातून तिच्या तोंडात जाणार होता. तेव्हा मौन हाच एक प्रतिबंधक उपाय उरत होता, आणि त्याचा उल्लेख हस्तपत्रकात नव्हता.

पहिल्या संध्याकाळी त्याने साहेबांकडे फराळ झाल्याचे सांगितले. दुसऱ्या संध्याकाळी डोके दुखत असल्याचे सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याने मारुतीचा उपास धरला.

“शनिवार उद्या हाय, भावजी,” सोजरबाई चुलीपुढून म्हणाली.

“आजपासूनच धरावा म्हटलं.”

“मारुतीला तरी सांगून ठिवा. न्हाईतर त्यो उद्या येऊन बसंल.”

झोपण्यासाठी त्याने आपली वळकटी बाहेर सज्जात नेली. आत उकडते, असे कारण मुक्ताबाईला सांगितले. वैशाखात सोलापुरात बाहेरही तितकेच उकडते, हे ती बार्शीची असल्यामुळे तिला सांगावे लागत नव्हते. ती नुसते “बरं” म्हणाली आणि उशी आणून दिली. ती उशी त्याने तिच्या हाताला हात लागणार नाही अशा बेताने घेतली. तिने तेही पाहिले.

सज्जात पडून त्याने बाद झालेल्या मुद्रिताच्या पाठीवर एक आकृती काढली. मुळाशी स्वतःचे नाव घातले आणि त्यातून फांद्या फोडल्या. ताटावरून एक फांदी दादांकडे गेली व दादांच्या हातावरून पुढे कस्तुराकडे वळली. तांब्यावरून एक वहिनींकडे निघाली, अंथरुणावरून एक मुक्ताकडे. चांदण्यात ते झाड फार देखणे दिसत होते. आपल्या देहातून असे काही उगवावे आणि त्याच्या सावलीत घरातले कोणीही बसू नये, यासाठी आपण उपाशी आहोत, या विचाराने त्याचे डोळे भरून आले. मग पुन्हा कळ आली, आणि त्याला चाळीच्या टोकाला जावे लागले.

या दिवसांत त्याला घरात काही वेगळे दिसले नाही असे नाही. देवळीत डाळिंबाच्या साली वाळत होत्या. सोजरबाई लुगडे रंगवणार असेल, असा त्याने तर्क केला. भिंतीवर देवांच्या शेजारी खळीने चिकटवलेले त्याचे हस्तपत्रक जोतीराम जाता-येता दमल्या डोळ्यांनी पाही. भावाच्या अक्षराचा अभिमान, असे मानसिंगाने मनात म्हटले. कस्तुरा हल्ली ताकभाताशिवाय काही मागत नसे. उन्हाळाच आहे, असे त्याने मानले. दुसऱ्याच्या घरी त्याने या सगळ्याची टिपणे केली असती.

चौथ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, पोट शांत झाले आणि भूक जागी झाली. आता उपास आणखी ताणणे शक्य नव्हते. पण पोट थांबले तरी जंतू आठ-दहा दिवस मागे रेंगाळतात, असे खात्याच्या पुस्तकात होते. गिरणीचा भोंगा झाला. जोतीराम हातपाय धुऊन, केसांतला कापूस झटकून ताटावर बसला. सोजरबाईने भाकरी वाढली, शेंगांची चटणी वाढली. मानसिंग उभाच होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “मला काही दिवस वेगळ्या ताटात वाढत जा.”

जोतीरामाच्या बोटांत भाकरीचा पदर होता. तो त्याने ना ताटात ठेवला, ना तोंडात घातला.

“वेगळ्या,” सोजरबाई म्हणाली.

“हो. आणि तांब्याही.”

“आनि चूल?”

“चुलीची गरज नाही,” मानसिंग विचार करून म्हणाला. “चुलीतून पसरत नाही.”

काय पसरत नाही, ते कोणी विचारले नाही. सोजरबाईने फळीवरची पितळी थाळी काढली, पदराने पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली. तो पदर पाहून मानसिंगाला थाळी पुन्हा उकळत्या पाण्याने धुवा असे सांगायचे होते, पण वहिनींचा चेहरा पाहून त्याने ते वाक्य गिळले. दारामागे उभ्या असलेल्या मुक्ताबाईकडे न बघता सोजरबाई म्हणाली, “शिकल्याल्या मानसाचं पोट बी शिकल्यालं असतंय बाई. आमच्या हातचं त्याला गोड लागतंय, पर आमच्या शेजारी बसून न्हाय.”

जोतीराम अर्धी भाकरी टाकून उठला. बावीस वर्षांत त्याने अन्न टाकलेले कोणी पाहिले नव्हते. मळ्यात राबणाऱ्यांच्या त्यांच्या गावात धाकट्या भावाने लग्नानंतर वेगळे ताट मागितले तर त्याचा अर्थ एकच होत असे, आणि तो गावातल्या बैलालाही कळे. फक्त मानसिंगाला तो त्या क्षणी आठवला नाही. त्याच्या डोक्यात जंतू होते.

रविवारी गिरणीला सुटी. मानसिंग सार्वजनिक नळावरून अंघोळ करून आला तेव्हा खोलीभर भांडी मांडली होती. हंडा, घागर, तवा, परात, तपेली, पाटा, वरवंटा, सगळी उघडी. मानसिंगाला मनापासून आनंद झाला. वहिनींनी अखेर सगळी भांडी उकळायला काढली, असे त्याला वाटले. मग त्याला भांड्यांच्या मधोमध तांबडा पटका बांधून बसलेले हिंदुरावमामा दिसले. जोतीरामाने रात्रीच निरोप धाडला होता, आणि मामा सकाळच्या गाडीने मोहोळहून आले होते.

“ये भाच्या, बस,” मामा म्हणाले. “काळजी करू नगं. मी अकरा घरं वाटल्यात. एकात बी डोकं फुटलं न्हाय. दोन घरांत फुटलं, पर ते मी गाडीत बसल्यावर.”

“कसली घरं?”

मामांनी ते ऐकले नाही. त्यांचे हात चालू झाले होते. हंडा त्यांनी डावीकडे सरकवला, घागर उजवीकडे. तवा डावीकडे, परात उजवीकडे. पाटा त्यांनी डावीकडे ठेवला आणि वरवंटा उजवीकडे.

“मामा, वरवंट्याबिगर पाटा कशाला?” सोजरबाईने विचारले.

“माझी रीत हाय ती. पाटा थोरल्याला, वरवंटा धाकट्याला. चटणी करायची झाली की येकानं दुसऱ्याच्या दारात जायाचं. बोलनं तुटत न्हाय.” मामा थांबले. “लई जनं दुसरा वरवंटा इकत आनत्यात, ती गोष्ट येगळी.”

मानसिंग ओल्या धोतरानिशी उभा होता. त्याला आता समजले होते. काशाचे ताट शेवटी राहिले. मामांनी ते उचलले, दुमडलेल्या काठावरून अंगठा फिरवला. त्यांच्याच घरातून ते बहिणीबरोबर आले होते.

“हे येकच हाय,” मामा म्हणाले, आणि अकरा घरे वाटलेल्या त्या माणसाला ते कुठे ठेवावे ते सुचेना.

“त्याला द्या,” जोतीराम म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. “मी पत्रावळीवर जेवीन.”

“दादा,” मानसिंग म्हणाला, “वाटणी कोणी मागितली?”

“तू.”

“मी ताट मागितलं.”

“मग? आनि काय मागत्यात?”

कस्तुरा घागरीत तोंड घालून आवाज काढत होती. मानसिंगाने चार दिवस राखलेले मौन एकदा तपासून पाहिले. बोललो तर दादा जवळ येतील आणि रोग घरात जाईल. न बोललो तर दादा डावीकडे जातील, मी उजवीकडे, आणि ताट ज्याच्याकडे राहील तो त्यात पुन्हा जेवणार नाही. पुस्तकात या दुसऱ्या रोगाला औषध दिलेले नव्हते.

“मला पोटाचा रोग झालाय,” तो म्हणाला. “बुधवारपासून. लागट आहे. तुम्हाला होऊ नये, पोरीला होऊ नये, म्हणून ताट वेगळं मागितलं. सांगितलं असतं तर तुम्ही उशाशी येऊन बसला असता. आताही येऊ नका. तिथंच बसा.”

जोतीराम भिंतीकडून वळला.

“ढाळ?” त्याने विचारले.

“हो.”

“वांती?”

“एकदा.”

“येकदाच? मला तीनदा झाली,” जोतीराम म्हणाला.

मानसिंगाला हे वाक्य लगेच कळले नाही.

“गेल्या रयवारी,” जोतीराम पुढे म्हणाला. “दोन दिस हुतं. गिरणीत साच्यावर, मागापुढं, उभं ऱ्हावंना. मग आपोआप थांबलं.”

“तुम्हाला? रविवारी? आणि सोमवारी संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर—”

“जेवलो की. न्हाय जेवलो अस्तो तर तू इचारलं नसतंस का?”

“पोरीला त्याच्या आदी झालं,” सोजरबाई चुलीकडे बघत म्हणाली. “म्हनून तर डाळिंबाच्या साली. मला आदल्या शनवारी. रांधत बी हुते आनि पळत बी हुते.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही!”

“तुला?” जोतीरामाने भिंतीवरच्या हस्तपत्रकाकडे हात केला. “तूच लिवलंयस न्हवं का? ताट, तांब्या, अंथरूण, समदं येगळं. तू आता त्या खात्यातला मानूस. आबाला बी असंच खात्यातली मानसं येगळं काढाया आली हुती. चांगली मानसं हुती, पायतानं भाईर काढून आत आली. आट दिस म्हनाली. पोरीला मी कुनाला बी येगळं काढू देनार न्हवतो. तुला बी न्हाय. तवा ठरवलं, तुला कळूच द्यायचं न्हाय.”

मानसिंग खाली बसला. बसता बसता त्याचे लक्ष दारामागे गेले. मुक्ताबाई पदर तोंडाला लावून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

“तुला पण?” त्याने विचारले.

“मला सगळ्यांच्या आधी,” मुक्ताबाई म्हणाली. “माहेरचं लग्न आटोपून बार्शीहून परत आले त्याच दिवशी. प्रवासानं डोकं दुखतंय म्हटलं ना मी? जाऊबाईंनी शपथ घातली होती.”

मानसिंगाने सज्जातून वळकटी आणली, तिच्यातून तो कागद काढला आणि बराच वेळ पाहिला. झाड तेच होते, फक्त उलटे धरले होते. मूळ बार्शीत होते. मुक्ताकडून कस्तुरा, कस्तुराकडून वहिनी, वहिनींकडून दादा; आणि दादांकडून, भाकरीच्या मऊ पदरातून, दुमडलेल्या काठाच्या बाजूला सरकत सरकत, तो. ज्या घराला तो चार दिवस स्वतःपासून वाचवत होता, त्या घरातला तो शेवटचा रोगी होता. त्याने वळकटीतलेच शिसपेन काढले आणि फांद्या उलट्या बाजूने पुन्हा जोडल्या. नावांना हात लावावा लागला नाही.

“म्हंजे वाटनी न्हाय?” मामांनी विचारले. त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती. बारावे घर हातचे गेले होते.

“न्हाय,” जोतीराम म्हणाला.

“मग जेवायला वाढा. मी सकाळधरनं उपाशी हाय.”

सोजरबाईने पाटा आणि वरवंटा पुन्हा एका जागी आणले. मानसिंगाने मात्र या वेळी आग्रह सोडला नाही. ताट उकळत्या पाण्यात धरले गेले. दोघे भाऊ मोरीवर बसले आणि तांबड्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. कस्तुराने दोघांच्या हातांचा वास घेऊन ते नापसंत केले.

“ताट उकळलं, हात घासलं,” सोजरबाई म्हणाली. “आता तुमा दोगांना बी उकळून काडू का, भावजी?”

“माझ्या पोटातले जंतू अजून गेले नसतील, वहिनी. दादांना होऊन गेलाय, त्यांना पुन्हा होईल असं वाटत नाही. पण—”

“मग बस की आता,” जोतीराम म्हणाला.

ते समोरासमोर बसले. जोतीरामाने भाकरीचा पदर वेगळा केला. त्याच्या बोटांना साबणाचा वास येत होता. पदर ताटातून दुमडलेल्या काठाकडे सरकला. मानसिंगाने तो उचलून खाल्ला. चार दिवसांच्या भुकेला त्या कोरड्या घासाची चव फार मोठी लागली, आणि तोंड भरलेले असल्यामुळे त्याला काही बोलावे लागले नाही.

हिंदुरावमामांनी आपल्यापुढची पितळी थाळी बाजूला सारली.

“मला बी ह्यातच वाढ,” ते सोजरबाईला म्हणाले. “माझ्या भनीचं ताट हाय. आज मोडाया आलो हुतो, निदान त्यात दोन घास तरी खाऊन जातो.”

“मामा, नको,” मानसिंग घाईने म्हणाला. “या घरात तुम्हालाच तेवढा झालेला नाही. माझ्या हाताचा—”

“आरं मोहोळचं पोट हाय हे,” मामा म्हणाले, आणि त्यांनी मानसिंगाच्याच बाजूचा तुकडा मोडून चटणीत बुडवला.

संध्याकाळच्या गाडीने ते गेले.

गुरुवारी पोस्टकार्ड आले. मामांनी ते गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतले होते. मानसिंगाने ते मोठ्याने वाचून दाखवले. इकडील सर्व क्षेम आहे. कोणासही काही झालेले नाही, तरी चौकशीसाठी कोणी येण्याचे कारण नाही. मोहोळच्या बाजारात हल्ली डाळिंबाच्या साली मिळत नाहीत, तरी सोजरबाईकडे शिल्लक असल्यास येणाऱ्याबरोबर पाठवाव्यात. तुमची मामी व दोन्ही मुलेही साली मागत आहेत.

मानसिंगाने आकृतीचा कागद उलगडला, आपल्या नावापासून एक रेघ मोहोळपर्यंत नेली आणि तिथे चार फांद्या काढल्या. मग त्याने जोतीरामाकडे पाहिले. हस्तपत्रकातले आपले तिसरे वाक्य खरे ठरले होते, आणि ते म्हणून दाखवण्याची त्याला मुळीच इच्छा झाली नाही.

जोतीरामाने देवळीतल्या साली काढल्या आणि फडके त्याच्यापुढे टाकले.

“बांदून दे,” तो म्हणाला. “पर आदी हात धू.”